आठव्या पिढीचा आय७ पाच गिगाहर्ट्झवर अडकला आहे. ही मर्यादा नेमकी कशाची?

पिवळी_धूळ (सांगली)

नमस्कार.

सांगलीत लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे संकलन करून देण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. कामाच्या मशीनमध्ये इंटेलचा कोअर आय७ ८७००के हा सहा कोअरचा प्रोसेसर, झेड३७० चिपसेटचा मदरबोर्ड, दोन मनोऱ्यांचा हवेवर चालणारा कूलर, ६५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि मध्यम दर्जाचे ग्राफिक्स कार्ड आहे. नवे मशीन घेणे यंदाच्या हंगामात परवडणारे नाही, म्हणून आहे त्यातूनच जास्तीत जास्त वेग काढावा या विचाराने मी जानेवारीत ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याला, हात घातला.

सर्व कोअर एकाच वेगावर ठेवून, पूर्ण भार असताना जेवढ्या व्होल्टेजवर मशीन टिकते तेवढे मी वहीत लिहून ठेवले आहे. कंपनीच्या मूळ ४.३ गिगाहर्ट्झला १.१३ व्होल्ट पुरतात. ४.७ ला १.१९, ४.८ ला १.२३, ४.९ ला १.२९ आणि ५.० ला १.३६ व्होल्ट लागतात. ५.१ वर मात्र १.४२ व्होल्ट देऊनही तीन-चार मिनिटांत निळी स्क्रीन येते. लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भार वाढल्यावर होणारी व्होल्टेजची घट भरून काढणारी बोर्डाची सोय, सर्वांत वरच्या पातळीवर ठेवले आहे.

जानेवारीत रात्री काम करताना खोलीत २१ अंश तापमान असे आणि ५.० गिगाहर्ट्झवर प्रोसेसर ८२ अंशांपर्यंत जाई. आता एप्रिलमध्ये दुपारी खोलीतच ३६ अंश असतात, प्रोसेसर ९८ वर पोहोचतो आणि मधूनमधून स्वतःच वेग कमी करतो. दीड तासाचा एक व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला मूळ वेगावर ८२ मिनिटे लागत होती, ती ५.० वर ७१ झाली होती. आता दुपारी तेच काम ७६ मिनिटे घेते.

याहून अधिक काळजी वाटावी असा प्रकार मागच्या आठवड्यात घडला. एका लग्नाच्या अंतिम प्रतीत नेमक्या अंतरपाटाच्या प्रसंगी दोन सेकंद हिरवे चौकोन उमटले होते. मशीन बंद पडले नव्हते आणि कोणतीही सूचनाही आली नव्हती. तीच टाइमलाइन पुन्हा एक्स्पोर्ट केली तेव्हा प्रत स्वच्छ निघाली. नशिबाने ग्राहकाला देण्याआधी मी ती पूर्ण पाहिली होती.

माझे प्रश्न असे आहेत. ५.१ वर लागलेली भिंत कूलरची आहे, बोर्डाची आहे, की चिपचीच? ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा पाण्याचा कूलर घेतला तर ती हलेल का? एका परिचिताने प्रोसेसरचे झाकण काढून आत द्रवरूप धातूची पेस्ट भरण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का? इंटरनेटवर नऊ गिगाहर्ट्झचे विक्रम वाचायला मिळतात आणि आपले गाडे पाचवरच का रुतते, हे मला खरोखरच समजून घ्यायचे आहे.


अर्धवाहक (सांगली, अभियांत्रिकीचे अध्यापन)

आपण आकडे लिहून ठेवले हे फार उत्तम केले, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या वहीतच दडलेले आहे.

चिपमध्ये उष्णता प्रामुख्याने ट्रान्झिस्टरच्या उघडझापीतून निर्माण होते आणि ती वेगाच्या सम प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे सूत्र आपल्या आकड्यांना लावून पाहा. ४.३ वरून ५.० वर जाताना वेग १६ टक्के वाढला; व्होल्टेज १.१३ वरून १.३६ झाले, म्हणजे त्याचा वर्ग सुमारे ४५ टक्क्यांनी वाढला. दोन्ही मिळून उष्णता जवळजवळ ६८ टक्के वाढली. त्यातही शेवटच्या पायरीचा हिशोब वेगळा मांडण्यासारखा आहे. ४.९ वरून ५.० ला जाताना पदरात पडला दोन टक्के वेग आणि उष्णता वाढली १३ टक्के. तासाभराच्या एक्स्पोर्टमध्ये दोन टक्के म्हणजे सव्वा मिनिटदेखील होत नाही. शिवाय यात गळती प्रवाह धरलेलाच नाही. बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह झिरपत असतो आणि व्होल्टेज व तापमान या दोहोंबरोबर तो वाढतो. म्हणूनच खोली १५ अंशांनी तापली तेव्हा आपला प्रोसेसर १५ नव्हे, १६ अंशांनी तापला, आणि तोही मधूनमधून वेग कमी करत असताना.

आता ५.१ च्या भिंतीकडे वळू. पाच गिगाहर्ट्झवर घड्याळाचा एक ठोका २०० पिकोसेकंदांचा असतो. एवढ्या वेळात निर्वातातील प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो, आणि चिपमधील तारांवरून जाणारा संकेत त्याहून कितीतरी मंद असतो. एका ठोक्यात संकेताला एका नोंदस्थानातून (बिट साठवणाऱ्या रजिस्टरमधून) निघून मधली गणिती मंडले ओलांडून पुढच्या नोंदस्थानात वेळेत पोहोचावे लागते. अशा लाखो वाटांपैकी जी सर्वांत लांब किंवा सर्वांत मंद असेल, ती साऱ्या चिपचा वेग ठरवते. ५.१ वर ठोका सुमारे १९६ पिकोसेकंदांचा होतो. ते चार पिकोसेकंद आपल्या चिपमधील एखाद्या वाटेला आता वाचवता येत नाहीत. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर अधिक जोराने ढकलतो आणि वाट लवकर पार होते हे खरे, पण हा लाभ पायरीगणिक घटत जातो, आणि त्याच व्होल्टेजने वाढलेली उष्णता तारांचा रोध वाढवून व ट्रान्झिस्टरला मंदावून उरलेला लाभही खाते. आपल्याच नोंदी पाहा: ४.३ ते ४.७ या चार पायऱ्यांना मिळून ०.०६ व्होल्ट पुरले, आणि ४.९ ते ५.० या एकाच पायरीला ०.०७ लागले. आलेखाची मान मोडते ती जागा आपल्या चिपसाठी ४.८ च्या आसपास आहे. दुसऱ्याच्या ८७००के मध्ये ती शंभर मेगाहर्ट्झ पुढे किंवा मागे असू शकते, कारण एकाच वेफरवरच्या (ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिपा कापतात तिच्यावरच्या) दोन चिपाही अगदी सारख्या नसतात.

म्हणून भिंत कुणाची, याचे उत्तर असे की ५.१ ची भिंत चिपची आहे आणि ५.० वर दुपारी जाणवणारी मर्यादा उष्णतेची आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर माणूस चुकीच्या वस्तूवर पैसे खर्च करतो.

पाण्याच्या कूलरविषयी. ८७००के च्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस मिलिमीटर आहे. ५.० वर प्रोसेसर १५० वॅट जरी खात असला, तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे १०० वॅट झाले. स्वयंपाकघरातील दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्याच्या तळाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सहा-सात वॅटच देते. एवढी दाट उष्णता आधी चिपमधून तिच्या धातूच्या झाकणापर्यंत पोहोचावी लागते, आणि या पिढीत इंटेलने त्या दोहोंमध्ये सोल्डर न वापरता साधी पेस्ट वापरली आहे. अडथळा तिथे आहे. झाकणाच्या वर बसणारा कूलर कितीही मोठा केला तरी खालचा अडथळा तसाच राहतो. म्हणून ३६० चा रेडिएटर आपल्याला काही अंश मिळवून देईल, पण चमत्कार करणार नाही. आणि हवा असो वा पाणी, शेवटी उष्णता खोलीच्याच हवेत सोडायची असते. खोलीत ३६ अंश असतील तर त्याखाली कोणताही रेडिएटर जाऊ शकत नाही.

विक्रमांबद्दल थोडे, कारण आपण मुद्दाम विचारले आहे. इंटेलच्या १३९००के ने २०२२ च्या अखेरीस नऊ गिगाहर्ट्झ ओलांडले, ते द्रवरूप हेलियम ओतून. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो आणि हेलियम उणे २६९ वर. तेवढ्या थंडीत गळती जवळजवळ थांबते, ट्रान्झिस्टर चपळ होतो आणि एरवी चिप जाळून टाकणारे व्होल्टेज ती काही क्षण सोसते. तो वेग नोंद होण्यापुरता टिकला की विक्रम झाला. त्यावर लग्नाचा व्हिडिओ काढायचा नसतो.

आणखी एक गोष्ट अनेकजण विसरतात. १९९८ मध्ये ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए लोक सर्रास ४५० वर चालवत. बसचा, म्हणजे बोर्ड व प्रोसेसर यांच्यातील संवादमार्गाचा, वेग ६६ वरून १०० केला की त्याला गुणून प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक साडेचारच असल्याने ४५० मिळत, आणि व्होल्टेजला बहुधा हातही लावावा लागत नसे. पन्नास टक्के फुकट! तेव्हा कंपन्या मोठी मोकळी जागा सोडत, कारण ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही उतरत असे. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला हा नियम २००५ च्या आसपास चालेनासा झाला. पेंटियम ४ ची मालिका दहा गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याची भाषा इंटेल करत होती. प्रत्यक्षात ती ३.८ वर थांबली आणि तिची पुढची आवृत्ती २००४ मध्ये रद्द झाली. आज टर्बोच्या, म्हणजे गरजेनुसार आपोआप वेग वाढवण्याच्या, नावाने कंपनीच ती मोकळी जागा वापरून टाकते आणि आपल्या वाट्याला उरतात शेवटची तीन-चार महाग पावले.


पिवळी_धूळ

सर, मनापासून आभार. चार वर्षे हे मशीन वापरतो आहे, पण १३ टक्के उष्णता देऊन दोन टक्के वेग घेतो आहे असा हिशोब कधी मांडला नव्हता. एक शंका राहते. मशीन बंद न पडता हिरवे चौकोन कसे उमटले? अस्थिर मशीन म्हणजे निळी स्क्रीन, अशीच माझी समजूत होती.


जुना_सोल्डर (मिरज)

नमस्कार. मी वीस वर्षे मदरबोर्ड दुरुस्त करतो. सरांनी चिपची बाजू मांडली. मी तिच्या भोवतालची मांडतो, कारण माझ्या बाकावर येते ती बहुधा तिथलीच बिघडलेली वस्तू असते.

पूर्ण भारात आपला प्रोसेसर १९० वॅट घेतो असे धरले, तर १.३६ व्होल्टवर तो १४० अँपिअर ओढतो. हे १४० अँपिअर बोर्डावरचे व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला हवे ते व्होल्टेज बनवून देणारे मंडल, तयार करते. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत एक मिलिओहम रोध असला तरी ०.१४ व्होल्ट वाटेतच पडतात. ही घट भरून काढण्यासाठी लोड-लाइन कॅलिब्रेशन असते, पण ते सर्वांत वर ठेवले की भार अचानक उतरल्याच्या क्षणी व्होल्टेज उसळी मारते, आणि ती उसळी इतकी क्षणिक असते की आपल्या सॉफ्टवेअरला दिसतच नाही. कृपया ते मधल्या पातळीवर आणावे. त्यामुळे बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) थोडे जास्त व्होल्टेज भरावे लागेल, पण प्रोसेसरच्या दृष्टीने तेच सुरक्षित आहे. शिवाय अनेक बोर्डांवर सॉफ्टवेअरला दिसणारे व्होल्टेज सॉकेटच्या मागे मोजलेले असते, चिपच्या आतले नसते, त्यामुळे दुसऱ्याच्या १.३६ शी आपल्या १.३६ ची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

व्हीआरएमच्या हीटसिंकला एप्रिलच्या दुपारी, मशीन काम करत असताना, जपून बोट लावून पाहा. दोन सेकंदही टेकवता आले नाही तर तिथे हवा पोहोचत नाही असे समजावे. गंमत अशी की पाण्याचा कूलर बसवला की अनेकदा हा भाग आणखी तापतो, कारण आधी हवेच्या कूलरच्या पंख्याचा वारा त्याच्यावरून जात होता.

आपल्या नावावरून मार्केट यार्डाच्या जवळपास असाल असे वाटते. त्या भागातली मशीन उघडली की कूलरच्या पात्यांमध्ये हळदीच्या धुळीचा मऊ पिवळा थर सापडतो. ती धूळ बारीक असते आणि दमट दिवसांत चिकटून बसते. अशा कूलरची सफाई आणि नवी थर्मल पेस्ट एवढ्यावर पाच ते आठ अंश उतरलेले मी अनेकदा पाहिले आहेत. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो मोकळा फिरू दिला तर बेअरिंग खराब होते.

आता वीज. आजचे बहुतेक चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टच्या दरम्यान कुठेही चालतात, त्यामुळे उन्हाळ्यात दाब थोडा उतरला म्हणून ओव्हरक्लॉक कोसळत नाही. तो दोष उगाच विजेला देऊ नये. खरा प्रश्न यूपीएसचा आहे. बहुतेक ठिकाणी ६०० व्हीएचा यूपीएस असतो आणि तो सुमारे ३६० वॅटच देऊ शकतो. प्रोसेसर १९०, ग्राफिक्स कार्ड दीडशे-पावणेदोनशे आणि मॉनिटर धरला की मर्यादा ओलांडली. एरवी सगळे सुरळीत चालते, पण एक्स्पोर्ट सुरू असताना वीज गेली की यूपीएस एक सेकंदही सांभाळत नाही आणि लोक म्हणतात प्रोसेसर अस्थिर आहे. त्यात गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यांची लहर देणारा स्वस्त यूपीएस आणि आधुनिक पीएफसी (विजेचा प्रवाह सुधारून घेणारे मंडल) असलेला एसएमपीएस यांचे काही वेळा जमतही नाही.

झाकण काढण्याबद्दल. या प्रोसेसरमध्ये त्याने दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो, हे मान्य आहे. मी स्वतः केले आहे. पण द्रवरूप धातू वीज वाहून नेतो. एक थेंब शेजारच्या बारीक घटकांवर गेला की खेळ संपला. ॲल्युमिनियमला तर तो खाऊन टाकतो. ज्या मशीनवर घर चालते त्यावर पहिला प्रयोग करू नये, एवढे मी हात जोडून सांगेन.


यवतेश्वर (सातारा)

हिरव्या चौकोनांबद्दल मी लिहितो, कारण तोच या चर्चेतला सर्वांत गंभीर मुद्दा आहे असे मला वाटते.

एखादी वाट ठोक्यात वेळेवर पूर्ण झाली नाही तर नोंदस्थानात चुकीचा बिट साठतो. तो बिट ऑपरेटिंग सिस्टीमच्या पत्त्याच्या गणनेत असेल तर निळी स्क्रीन येते. तो चित्राच्या एखाद्या ठिपक्याच्या किमतीत असेल तर कुणालाच काही कळत नाही. व्हिडिओमध्ये पुढच्या फ्रेम मागच्या फ्रेमवरून बांधलेल्या असल्याने एक चूक पुढच्या पूर्ण चित्रापर्यंत पसरत जाते, म्हणून आपल्याला दोन सेकंद चौकोन दिसले. ते निदान दिसले. आवाजात किंवा रंगात झालेली लहान चूक नजरेतून सुटलेली असू शकते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाखाली क्रमांक १९ च्या नोंदी शोधा. प्रोसेसरने स्वतः पकडून दुरुस्त केलेल्या चुका तिथे नोंदल्या जातात, आणि तशी एकही नोंद असेल तर मशीनला मी स्थिर म्हणणार नाही.

अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी) चालले म्हणजे झाले, हा समज सोडावा. प्राइम९५ सारखी चाचणी उपयोगी पडते ती केवळ मशीन तापवते म्हणून नव्हे. ती मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेली असल्याने स्वतःचे गणित सतत तपासते आणि मशीन बंद न पडताही चूक दाखवते. मात्र चाचणी कोणत्या हवामानात केली यालाही महत्त्व आहे. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे मी बसवलेले सगळे आकडे मे महिन्यात कोसळले होते. तेव्हापासून मी ओव्हरक्लॉक फक्त उन्हाळ्यात, दुपारी तीन वाजता, कॅबिनेटची झाकणे लावून तपासतो. जे त्या वेळी टिकते ते वर्षभर टिकते.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांची माहिती तपासली होती. ओव्हरक्लॉक केलेली मशीन प्रोसेसरच्या चुकीने ठळकपणे अधिक वेळा कोसळतात, आणि मूळपेक्षा कमी वेगावर चालवलेली मशीन कमी कोसळतात, असे त्यात आढळले. एरवी आपण ज्याला मूळ वेग म्हणतो तोही काही देवाने घातलेली रेषा नव्हे, हे त्यातून कळते.

एका बाबतीत मात्र वरच्या दोघांपेक्षा माझा सूर थोडा वेगळा आहे. व्होल्टेजला इतके घाबरण्याचे कारण नाही. इंटेलच्या कागदपत्रांत या पिढीसाठी १.५२ व्होल्ट ही कमाल मर्यादा दिलेली आहे, त्या मानाने १.३६ बरेच खाली आहे. माझा प्रोसेसर चार वर्षे १.३८ वर चालला आणि आजही चालतो.


अर्धवाहक

यवतेश्वर यांचे पहिले चार परिच्छेद पूर्ण मान्य आहेत. शेवटच्यावर मात्र मी स्पष्ट असहमती नोंदवतो, कारण १.५२ चा हा आकडा वाचून अनेकांनी प्रोसेसरचे आयुष्य कमी करून घेतले आहे.

तो आकडा म्हणजे प्रोसेसर बोर्डाकडे मागू शकेल अशा व्होल्टेजची वरची कड आहे. सर्व कोअर पूर्ण भाराखाली १४० अँपिअर ओढत असताना तासन्तास १.५२ व्होल्ट द्यावेत, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. एखादा कोअर क्षणभर हलक्या कामासाठी उसळी घेतो तेव्हाचे व्होल्टेज आणि सहाही कोअर राबत असतानाचे व्होल्टेज यांची तुलना होत नाही, कारण चिप झिजते ती व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान या तिघांच्या मिलाफाने. तारेतून जाणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणू हळूहळू पुढे ढकलत नेतात आणि तार एके ठिकाणी विरळ होते. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार तारेचे आयुष्य प्रवाहाच्या घनतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात घटते आणि तापमानाबरोबर घातांकी वेगाने घटते. त्याखेरीज ट्रान्झिस्टरचे उंबरठा व्होल्टेजही (ज्या व्होल्टेजला तो उघडतो ते) वर्षागणिक सरकते. याचा अनुभव असा येतो की जे मशीन १.३० वर टिकत होते त्याला दोन वर्षांनी १.३२ लागू लागतात. प्रोसेसर जळत नाही. त्याची वेग धरण्याची ताकद उतरते. माझा चालतो आहे, यावरून दुसऱ्याचाही चालेल असे म्हणता येत नाही.

व्होल्टेजचे हे दुखणे केवळ हौशी लोकांपुरते नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केले, दुरुस्तीसाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा नवा संच) दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मायक्रोकोडने भरून निघत नाही, हेही त्या वेळी स्पष्ट झाले.

पिवळी_धूळ यांना माझा सल्ला असा की ४.८ वर १.२३ व्होल्ट ही जागा धरावी. ५.० च्या तुलनेत तिथे उष्णता २१ टक्क्यांनी कमी होते आणि वेग चार टक्क्यांनी. खोलीत ३६ अंश असताना आपला प्रोसेसर खोलीपेक्षा ६२ अंशांनी अधिक तापत होता. ती तफावत आता साधारण ४९ वर यावी, म्हणजे दुपारी ८५ अंश दिसायला हवेत. हा अंदाज चुकला तर कूलरमध्ये धूळ आहे असे समजावे.


यवतेश्वर

१.५२ बद्दलची दुरुस्ती स्वीकारतो. तो आकडा मी तसाच वाचला होता. माझ्या प्रोसेसरला मूळ व्होल्टेजपेक्षा आता किती जास्त लागते हे मी कधी मोजलेच नाही. मोजून इथे लिहीन.

पिवळी_धूळ, अजून एक. आपल्या ८७००के मध्ये इंटेलचे ग्राफिक्स आहे आणि त्यात क्विक सिंक नावाची व्हिडिओ एन्कोड करणारी वेगळी यंत्रणा आहे. ग्राहकाला पसंतीसाठी पाठवायच्या कच्च्या प्रती तिच्यावर काढल्या तर प्रोसेसर ४.३ वर आहे की ५.० वर, याने फारसा फरक पडणार नाही. तेवढ्याच गुणवत्तेसाठी फाइल थोडी मोठी होते, म्हणून अंतिम प्रत मात्र नेहमीच्या पद्धतीनेच काढावी.


पिवळी_धूळ

सर्वांचे आभार. आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण आकडे हाती आल्याशिवाय उत्तर द्यायचे नव्हते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रमांक १९ च्या अकरा नोंदी सापडल्या. त्यांपैकी दोन नेमक्या त्या अंतरपाटाच्या एक्स्पोर्टच्या वेळेतल्या आहेत.

४.८ वर १.२३ व्होल्ट ठेवले आणि लोड-लाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर आणले. पहिल्या दुपारी खोलीत ३६ अंश असताना प्रोसेसर ९० वर गेला. सरांचा अंदाज ८५ चा होता, म्हणून कूलर उतरवला. जुना_सोल्डर यांनी सांगितलेला पिवळा थर मागच्या मनोऱ्यात होता. पुढून काहीच दिसत नव्हते. सफाई करून नवी पेस्ट लावल्यावर ८४ अंश आले. त्याच सफाईनंतर ५.० पुन्हा लावून पाहण्याचा मोह झाला होता, तो आवरला. प्राइम९५ शनिवारी दुपारी दोन ते सहा चालवले. एकही चूक निघाली नाही आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्येही काही आले नाही.

तोच दीड तासाचा व्हिडिओ आता ७४ मिनिटांत निघतो, दुपारी असो वा रात्री. पसंतीची प्रत क्विक सिंकवर काढली तर २२ मिनिटे लागतात. पाण्याच्या कूलरसाठी ठेवलेल्या पैशांतून हजार व्हीएचा यूपीएस घेतला आहे. झाकण काढण्याचा विचार मात्र डोक्यातून अजून पूर्ण गेलेला नाही. जुना_सोल्डर, हंगाम संपल्यावर जूनमध्ये मिरजेला आलो तर आपल्या बाकावर, आपल्या हातून, ते करून मिळेल का?


जुना_सोल्डर

या. पण प्रोसेसर सॉकेटमधून काढून हातात आणू नका, बोर्डासकट कॅबिनेटच घेऊन या. वाटेत सॉकेटच्या पिना वाकवून आणलेले निम्मे बोर्ड मी फुकट सरळ करून देतो आहे.